दर्यावरच्या माणसाला हाक मारू नये

बेव्हर्ली पार्क, मीरा रोड
८ जून २०२५

स्वप्नाली,

पत्राच्या सुरुवातीला क्षेमकुशल विचारायची पद्धत आहे. अंटार्क्टिकात तुमच्या स्टेशनवर उणे तीस आहे हे मला जितेशच्या मोबाइलवर रोज दिसतं, तेव्हा तो प्रश्न गाळते. इकडे आम्ही घामाने चिंब आणि सुखरूप आहोत.

हे पत्र तुझ्याच सांगण्यावरून आहे. जानेवारीत निघताना विमानतळावर तू म्हणालीस, "आई, बोलताना तुम्ही माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही. काही सांगायचं असेल तर मला लिहीत जा." त्यावर मी म्हणाले, "असं काही नाही हं..." आणि तू म्हणालीस, "बघा." तुझ्याबरोबरच्या त्या दाढीवाल्या शास्त्रज्ञाला हसू आलं. ते हसू मी आजवर जपून ठेवलं होतं. तुला लिहायचं नाही आणि फोनवर हवापाण्यापलीकडे बोलायचं नाही, असं ठरवलं होतं. मग लक्षात आलं की हवापाणी हाच तुझा धंदा. म्हणजे सून बोलावी म्हणून मी पाच महिने तिच्या ऑफिसची चौकशी करत बसले होते.

पण मंगळवारचा तुझा मेल आला आणि रुसवा परवडेनासा झाला. "सान्वी अशीच माझ्याशी बोलली नाही, तर मी नोव्हेंबरच्या पहिल्या विमानाने परत येते," असं तू लिहिलंस. तू लांब दोराला बांधून समुद्रात सोडलेली ती यंत्रं फेब्रुवारीत बोट आल्यावर बाहेर काढायची आहेत, आणि ते काम तुझ्याशिवाय दुसरं कोणी करणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणजे तू नोव्हेंबरात आलीस तर एवढ्या वर्षांची मेहनत तळाला गेली. आणि आली नाहीस तर... ते वाक्य तूही पुरं केलेलं नाहीस.

तेव्हा आता खरं ऐक. रविवारी तुझा व्हिडिओ कॉल आला की मी सांगते, "सान्वी ड्रॉइंगच्या क्लासला गेलीये." ती क्लासला नसते, बाथरूममध्ये असते. फोनवर तुझा फोटो दिसला रे दिसला, की आत जाते, कडी लावते आणि नळ सोडते. तुझा आवाज थांबेपर्यंत नळ चालू. नळाला पाणी नसेल त्या दिवशी गाणी म्हणते.

बाकी पोर ठणठणीत आहे. जेवते, भांडते, दुसरीच्या मानाने बरीच उलट उत्तरं देते. फक्त तू नको. त्यावर प्रत्येकाचं मत आहे. जितेश म्हणतो, "रागावलीये. रागावणारच." हे तो अशा सुरात म्हणतो, जणू तिने त्याला वकीलपत्र दिलंय. तुझ्या आईने भाईंदर पूर्वेहून येऊन दृष्ट काढली. समोरच्या जागृतीबेन म्हणाल्या, "बच्ची को माँ चाहिए इंदुबेन, बर्फ नहीं." मी म्हटलं, "आपका बेटा भी तो कॅनडा में बर्फ ही देख रहा है." तेव्हापासून त्यांच्याकडून येणारा ढोकळा बंद आहे.

हे सुरू झालं ते मेमधल्या त्या वादळापासून. तुमच्या स्टेशनचा संपर्क तुटला होता आणि आम्ही दिवसभर फोनकडे बघत बसायचो. लाइन परत आली त्या रविवारी आम्ही सगळे मोबाइलवर तुटून पडलो, आणि ही बाथरूममध्ये गेली ती गेलीच.

ते वादळ एकाएकी आलं कुठून, हे जरा सांग. आणि सावकाश लिही. वाक्यं पुरी कर. मी मध्ये बोलणार नाही, तशी सोयच नाही.

आई


२२ जून

स्वप्नाली,

मी एक ओळ विचारली आणि तू चार पानं पाठवलीस. साचलेलं होतं, दिसतंय.

कमी दाबाचा पट्टा हा शब्द आम्ही रेडिओच्या काळापासून ऐकतोय. बंगालच्या उपसागरात तो निर्माण व्हायचा आणि कोकणात आमची वाळवणं भिजायची. तुमच्याकडे मात्र हे कमी दाबवाले त्या खंडाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे एकामागून एक फिरत असतात आणि वाटेत अडवायला जमीन नाही, असं तू लिहितेस. म्हणजे आमच्या चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससारखं. एक उतरतो न उतरतो, तोवर दुसरा हात जोडून उभा.

मधल्या हवेचं ओझं कमी होतं म्हणून चहूबाजूंची हवा तिकडे धावते, पण पृथ्वी फिरत असल्यामुळे ती सरळ आत शिरू शकत नाही, गोल गोल फिरत राहते. हे मला पटकन कळलं. पुढारी आला की गर्दी त्याच्याकडे धावते, बंदोबस्त तिला सरळ जाऊ देत नाही, मग ती स्टेजभोवतीच घिरट्या घालते. आणि वरचं ओझं हलकं झालं की खालचा समुद्रही वीतभर फुगून येतो, हेही कळलं. सासू गावाला गेली की सून घरात जशी ऐसपैस होते तसं. हे उदाहरण माझं. तुझ्या चार पानांत नव्हतं, पण तुझ्या मनात असणार.

मग तू लिहितेस की तो कमी दाब येताना समुद्राकडून बर्फाचा मारा घेऊन येतो, आणि पुढे सरकला की वारा फिरतो, पाठीमागून, जमिनीवरून गार गार वाहायला लागतो. इथपर्यंत मी तुझ्याबरोबर होते. नंतर तू मीठ काढलंस. समुद्र गोठतो, मीठ बाहेर पडतं, पाणी जड होतं, तळाला जातं, असं काहीतरी. समुद्र गोठला तर मीठही त्यातच गोठेल, जाईल कुठे? तिसऱ्या पानावर मला डुलकी लागली. खोटं कशाला सांगू.

पण पत्र वाया गेलं नाही. मी ते स्वयंपाकघरात मुद्दाम मोठ्याने वाचत होते. सान्वी टेबलाखाली रंगवत बसली होती. पहिल्या पानालाच खडू थांबला.

"आजी, वादळ कोणी पाठवतं का?"

"छे गं. हवा असते ती."

"मग येतं कसं?"

"दाब कमी होतो ना."

"कशाने कमी होतो?"

माझं ज्ञान तिथे संपलं. मी म्हटलं, "हात धुऊन जेवायला बस." जगातल्या सगळ्या आज्या विज्ञानाला इथपर्यंतच सोबत करतात.

शाळेत बोलावलं होतं. तिथल्या समुपदेशक बाई सान्वीशी अर्धा तास बोलल्या आणि मला म्हणाल्या, "गुस्सा है, पर दबा हुआ है." म्हणजे तिथेही दाबच निघाला. मी विचारलं, "मग काय करायचं?" त्या म्हणाल्या, "वाट बघा." ते आम्ही त्यांच्याकडे न जाताही करत होतो.

या रविवारीही नळ चालू होता. तुझा चेहरा बघवला नाही, म्हणून मी फोन जितेशकडे दिला आणि कुकर लावायला गेले. कुकरमध्ये काही नव्हतं.

आई


६ जुलै

स्वप्नाली,

आधी बातमी घे, मग खुर्चीत बस. सान्वी तुझ्यावर रागावलेली नाही. कणभरही नाही. ती तुला सांभाळतेय.

आता कसं कळलं ते ऐक. काल जितेशला हाटकेशच्या त्याच्या युनिटमधले मालाचे नमुने घेऊन वसईच्या गिऱ्हाइकाकडे जायचं होतं. आम्हा दोघींना भाईंदर पश्चिमेला माझ्या भावाकडे, हरिश्चंद्रमामाकडे, म्हणून तिघं धक्क्यापर्यंत बरोबर गेलो. जितेश मोटारसायकल घेऊन रो-रो बोटीत चढला आणि बघते तर त्याचा डबा माझ्याच पिशवीत. बोट सुटत होती. माझा घसा बसलेला. सान्वीचा आवाज तुला माहीतच आहे, पलीकडे वसईच्या किल्ल्याला जाग येईल.

"सान्वी, पप्पाला हाक मार! डबा राहिला म्हणावं!"

तिने दोन्ही हात तोंडावर गच्च दाबले. मान अशी हलवली की केसांतली क्लिप उडाली. बोट गेली, डबा राहिला. वसईची खाडी ओलांडणं म्हणजे काही मोहीम नव्हे, पण पोरगी पांढरी पडली होती.

"अगं, काय झालं?"

बोट बरीच लांब गेल्यावर तिने हात काढले. "पप्पा पाण्यावर होता ना," ती कुजबुजली. "पाण्यावरच्या माणसाला हाक नाही मारायची."

मासेमारी बंद असल्यामुळे होड्या वर ओढून निळ्या ताडपत्रीखाली ठेवलेल्या. त्यांतल्या एकीच्या आडोशाला मी तिला बसवलं. मग आलं सगळं बाहेर. मेमधल्या त्या रविवारी तू आम्हाला खिडकीतून हिमनग दाखवत होतीस, आठवतं? हिने मोबाइल हिसकावला आणि ओरडली, "मम्मा, परत ये! आत्ता ये!" तेवढ्यात लाइन तुटली. आम्ही नेटवर्कला शिव्या दिल्या आणि पोळ्या लाटायला लागलो. तिने मात्र मनात नोंद केली: मी हाक मारली, वादळ आलं, मम्मा गेली.

आणि त्यावर शिक्कामोर्तब केलं आमच्या बंधुराजांनी. सुट्टी होती, संपर्क तुटलेल्या त्या दिवसांत ती मामाकडेच होती. त्याने तिला आमच्या कोळीवाड्याचा कायदा सांगितला: दर्यावर गेलेल्याला मागून हाक मारू नये, परत कधी येणार विचारू नये. दर्या ऐकतो, आणि ज्याला हाक आली त्याला सोडत नाही. झालं! पोरीने तेव्हापासून तोंडाला कुलूप लावलं. तू समोर दिसलीस तर चुकून हाक जाईल, म्हणून बाथरूम. तुझा आवाज ऐकून राहवणार नाही, म्हणून नळ.

मी तिला घेऊन तशीच मामाच्या बर्फाच्या कारखान्यात शिरले. मामा बंद मशिनला तेलपाणी करत होता.

"दादा, पोरीला काय सांगितलंस तू?"

"काय सांगितला?"

"दर्यावरच्या माणसाला हाक मारू नये म्हणून."

"मंग? खोटा हाय का? आपली आय बाबांना कधी हाक मारायची का?"

"आपली आय बाबांना घरातसुद्धा हाक मारायची नाही. 'अवो' म्हणायची."

"तर! बाबा म्हातारे होऊनच गेले ना? दर्यानं न्हेले का? न्हाय!"

सख्ख्या भावाशी वाद घालण्यातला धोका हा. पुरावा दोघांचा एकच असतो.

"अरे, ती दर्यावर नाही, बर्फावर आहे."

"आनि बर्फ कशाचा हाय? दर्याचाच ना?"

शास्त्रदृष्ट्या त्याचं बरोबर आहे, हे तू मला लिहू नकोस. मी त्याला झालेला प्रकार सांगितला. त्याच्या हातातला पाना खाली गेला. "माज्यामुलं बोलत न्हाय पोर?" एवढंच म्हणाला. मग उकिडवा बसला, सान्वीचा हात धरला आणि म्हणाला, "अगो, तो नियम व्हडीवाल्यांचा. तुझी आय काय मासं पकडाया गेली का?"

सान्वी म्हणाली, "ती बोटीने जाऊन यंत्र काढणार आहे. दोर टाकून."

मामा माझ्याकडे बघायला लागला, मी मामाकडे. दोर टाकून काहीतरी बाहेर काढणारी बाई कोळीण नाही, हे आमच्या घरात कोण सिद्ध करणार?

आणि एक. होडीच्या आडोशाला बसले असताना मला उमगलं की तू गेल्यापासून मीही तुला "कधी येतेस" हे एकदाही विचारलेलं नाही. मला वाटत होतं, तो माझा स्वाभिमान. अंधश्रद्धेची टिंगल करणारं सदर मी साप्ताहिकात इतकी वर्षं लिहितेय, आणि जीभ मात्र आयच्या ताब्यात!

काल मी गाढ झोपले. नोव्हेंबरच्या विमानाचं तू इतक्यात काही ठरवू नकोस.

आई


२० जुलै

स्वप्नाली,

हाक चालत नाही, पण चिठ्ठी चालेल का, हा प्रश्न आम्ही मामापुढे ठेवला होता. त्याने बराच विचार करून निकाल दिला, "चालल. दर्याला वाचता येत न्हाय." म्हणून तुला सान्वीच्या चिठ्ठीचा फोटो आला. "तुझं वादळ मी बोलावलं का? खरं सांग," एवढंच, आणि खाली दात पडल्याची बातमी.

तू पाठवलेले हवेच्या दाबाचे नकाशे मी झेरॉक्सवाल्याकडून छापून आणले. तो म्हणाला, "आंटी, ये फिंगरप्रिंट है क्या?" गोल गोल रेघा बघून मलाही तसंच वाटलं होतं. जितेशने ते जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले. तुमचा कॉल रविवारी, आणि हे वादळ तर बुधवारीच आफ्रिकेच्या खाली भर समुद्रात जन्मलं होतं. गुरुवारी इथे, शुक्रवारी इथे, शनिवारी तुमच्या दाराशी. म्हणजे सान्वी ओरडली तेव्हा ते आधीच वाटेत होतं. जितेशने छान समजावलं. कुठल्याही कोर्टाने मुलीला बाइज्जत सोडलं असतं.

सान्वी टेबलावर हनुवटी ठेवून ऐकत होती. "हा बुधवारचा?" तिने विचारलं.

"हो, बुधवारचा. तू हाक मारलीस रविवारी."

"बुधवारी मी मनात मारली होती."

तिने शेजारच्या कागदावर बोट ठेवलं. "मंगळवारी आहे का वादळ?"

जितेशने मंगळवार उलटसुलट करून पाहिला. मंगळवारी समुद्र साफ.

"बघा," ती म्हणाली. विमानतळावर तू म्हणाली होतीस, अगदी त्याच सुरात.

तुझ्या मुलीचं काय करायचं ते तूच सांग. पुरावा आमच्या बाजूचा होता, आणि खटला आम्ही हरलो. पण स्वप्नाली, आम्ही तिघं त्या टेबलाशी किती दिवसांनी एकत्र बसलो होतो! जितेश तर नकाशे आवरायलाच तयार नव्हता. "ही रोज हेच बघते?" असं दोनदा म्हणाला. पहिल्यांदा तक्रारीने, दुसऱ्यांदा नाही.

आई


३ ऑगस्ट

स्वप्नाली,

तुझं पत्र मिळालं आणि मी कपाळाला हात लावला. अगं बाई, हे आधी का नाही सांगितलंस? "ते वादळ मला हवंच होतं. त्याचीच तर मी वाट बघत होते." सांगितलं होतंस म्हणे, जूनच्याच पत्रात, तिसऱ्या पानाच्या तळाशी. माझी डुलकी नेमकी तिथे होती.

आता मात्र मी दोनदा वाचलं. वादळ पुढे सरकलं, वारा फिरला, जमिनीवरून इतक्या जोराने सुटला की किनाऱ्याजवळचं बर्फ त्याने आत समुद्रात ढकलून दिलं. मध्ये उघडं पाणी पडलं, त्यातून वाफा निघत होत्या. ते गोठलं, वाऱ्याने ते बर्फही ढकललं, पुन्हा पाणी उघडं, पुन्हा गोठलं. दर खेपेला मीठ मागे राहिलं, खालचं पाणी खारट आणि जड होत गेलं, आणि तू बर्फातल्या भोकातून सोडलेल्या दुसऱ्या यंत्रावर तुला ते तळाकडे उतरताना दिसलं. तेच पाणी काही शतकांनी आपल्या हिंदी महासागराच्या तळापर्यंत येतं. आमच्याकडे धरणातून यायला लागतं त्या मानाने बरं आहे.

मिठाचं मला तरीही खरं वाटत नव्हतं. ते पटलं मामाच्या कारखान्यात. मासेमारी सुरू झाली, मशिन चालू झालं. बर्फाच्या लादीचा डबा कडेकडून गोठत जातो आणि मध्ये थोडं पाणी शेवटपर्यंत उरतं, ते हे लोक नळीने ओढून टाकतात आणि चांगलं पाणी भरतात. लहानपणापासून मी हे बघत आलेय. का करतात, हे कधी विचारलं नाही. काल मामाने सान्वीसाठी एका डब्यातलं पाणी मुद्दाम तसंच ठेवलं होतं. बोअरिंगचं मचूळ पाणी. लादी फोडली, बाहेरचा काचेसारखा तुकडा तिच्या हातात दिला.

"चाट."

"काहीच नाही लागत."

"आता ह्यो मदला, पांढरा."

"ईऽऽ, खारट!"

"गोठताना पानी मीठ घेत न्हाय गो. बाहेर ढकलतं. मंग मीठ पलत पलत मदी येतं."

मी तुझं पत्र पिशवीतून काढलं आणि सांगितलं, की समुद्र वरून गोठतो, म्हणून तिथे मीठ खाली पळतं, आणि मम्मा तेच बघायला गेलीये. त्यासाठी जोराचा वारा लागतो, आणि तो वारा वादळामागून येतो.

सान्वीच्या हातातलं बर्फ कोपरापर्यंत गळत होतं. "म्हणजे मम्माला ते वादळ हवं होतं?"

"हवं होतं."

"खूप?"

"त्याच्यासाठीच गेलीये ती."

तिने तो तुकडा पुन्हा एकदा चाटला. मग मोठा श्वास सोडला. "म्हणजे मी बोलावलं ते बरंच झालं."

माझं तोंड उघडलं होतं. तू बोलावलं नाहीस, वादळं कोणी बोलावत नाही, हे सगळं वाक्य जिभेवर तयार होतं. मामाने माझ्याकडे बघितलं, लहानपणी मी होडीत उभी राहिले की बघायचा तसं. मी तोंड मिटलं. मी इतरांची वाक्यं पुरी होऊ देत नाही असा आरोप आहे; काल मी माझं स्वतःचं अर्ध्यावर गिळलं.

आता ती म्हणतेय, पुढच्या रविवारी फोन मी उचलणार. खात्री देत नाही. पण तू केस विंचरून बस.

आई


११ ऑगस्ट

स्वप्नाली,

कालच्या फोनचं तुला काय सांगू, तू होतीसच. स्क्रीनच्या बाहेर काय चाललं होतं तेवढं कळवते.

सकाळपासून जितेशने मोबाइलची काच चार वेळा पुसली. सान्वी बाथरूममध्ये गेली तेव्हा मी मागोमाग दाराशी गेले, पण नळ बंद होता. कान लावला तर आत "हॅलो मम्मा, हाय मम्मा" अशी तालीम चाललेली. हरिश्चंद्रमामा पापलेटं घेऊन आला होता आणि दाराजवळच्या स्टुलावर बसला. "मी दिसाया नको," म्हणाला, "उगाच तिला माजा राग याचा."

मग फोन वाजला, तिने उचलला आणि म्हणाली, "मम्मा."

तू तोंडावर हात घेऊन नुसती बघत राहिलीस. जितेश म्हणाला, "फ्रीज झालं! नेटवर्क गेलं!" मी म्हटलं, "गप रे, रडतेय ती." मामा स्टुलावरून उठला आणि भिंतीकडे तोंड करून कॅलेंडर वाचायला लागला. जुलैचं पान होतं, कोणी फाडलं नव्हतं.

आणि मग तुझी मुलगी म्हणाली, "मम्मा, अजून एक वादळ हवंय का?"

मला वाटलं, आता तू समजावशील. डॉक्टरेट आहे, नकाशे आहेत. तू नाक पुसलंस आणि म्हणालीस, "हवंय ना. मोठं पाठव. ऑगस्ट संपायच्या आत मिळालं तर फार बरं." तुझ्या मागे उभ्या असलेल्या त्या दाढीवाल्याने तुझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्याचं आता तू बघ. माझा त्याच्याशी हिशोब फिटला.

तू तिला विचारलंस, "मी मार्चमध्ये, यंत्रं घेऊन आले तर चालेल?" ती म्हणाली, "चालेल. रिकाम्या हाताने येऊ नकोस." हे ती माझ्याकडून शिकली असावी. फोन ठेवल्यावर जितेश "आलोच" म्हणून बाथरूममध्ये गेला, आणि बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते आणि म्हणाला, "साबण गेला." मी पापलेटं साफ करायला घेतली. मला तर कांदाही चिरायचा नव्हता, तरी एक चिरला.

संध्याकाळी सान्वीने विचारलं, "अंटार्क्टिका कुठल्या बाजूला? वादळ पाठवायचंय." जितेशने मोबाइलवर होकायंत्र लावून दिशा शोधली. दहिसरकडे निघाली. ती बाल्कनीत गेली, ग्रिल दोन्ही हातांनी धरलं, तोंड दहिसरकडे केलं आणि जी काही हाक मारली, "मम्माऽऽऽ! परत येऽऽऽ!" मेपासून साठवलेली सगळी एकदम. खालचे कुत्रे उठले. वॉचमनने वर पाहिलं. मग दुसरी, मग तिसरी.

समोरच्या खिडकीत जागृतीबेन आल्या. "इंदुबेन, क्या हुआ? सब ठीक तो है?"

"सब ठीक है," मी म्हटलं. "ऑफिस का काम है. अगस्त तक चलेगा."

आई